मास्तरांचा भूगोल

भिवंडी शहराच्या हद्दीत वऱ्हाळदेवीच्या तळ्याच्या आश्रयाने वाढलेले कामतघर हे तालुक्यातल्या इतर गावांसारखेच एके काळी भातशेतीचे लहानसे गाव होते. परंतु यंत्रमागांच्या अहोरात्र चालणाऱ्या खडखडाटाने त्याचे गावपण आता जवळजवळ पुसून टाकले आहे. देवीचे देऊळ, तळ्याचे पाणी आणि भाद्रपदात तेथे होणारे गणेशविसर्जन एवढ्याच जुन्या खुणा शिल्लक असून, त्यांच्या भोवती मराठीइतकीच तेलुगू, उर्दू आणि पूर्वेकडची हिंदी बोलणारी कुटुंबे दाटीवाटीने राहत आहेत. अशा वस्तीतल्या शाळेत जो शिक्षक भिंतीवर नकाशा टांगून मुलांना जिल्हा, प्रांत, देश आणि पृथ्वी यांची ओळख करून देतो, त्या शिक्षकाला स्वतःला ही ओळख कोणी करून दिली, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या हेतूने, हा प्रश्न आपल्या शिक्षणाच्या इतिहासात फारसा कोणी विचारलेला नाही. शाळा किती निघाल्या, विद्यार्थी किती वाढले, खर्च किती झाला, याचे तक्ते अहवालांतून पानोपानी सापडतात. शिक्षकाच्या मनातल्या जगाचा विस्तार मात्र कोणत्याही तक्त्यात मावणारा नसल्यामुळे त्याचा माग इतर साधनांवरून काढावा लागतो.

पेशवाई बुडाली तेव्हा गावोगावी ज्या पंतोजींच्या शाळा चालत, त्यांत मोडी अक्षर, उजळणी, पावकी-निमकी आणि हिशेब यांच्यापलीकडे काही शिकवले जात नसे, आणि तशी कोणाची अपेक्षाही नव्हती. कुलकर्ण्याच्या दप्तराला आणि वाण्याच्या खतावणीला जेवढी विद्या लागे तेवढी पंतोजी पुरवीत. पृथ्वीच्या आकाराविषयी आणि विस्ताराविषयी त्यांना जे ठाऊक असे, ते पुराणश्रवणातून आलेले असे: सात द्वीपे, सात समुद्र आणि मध्यभागी मेरू. ज्योतिषाच्या सिद्धान्तग्रंथांतून पृथ्वी गोल असल्याचे शतकानुशतके सांगितले गेले होते खरे. पण सिद्धान्त जाणणारा ज्योतिषी आणि मुळाक्षरे गिरवून घेणारा पंतोजी यांची गाठ पडण्याचे कारण नव्हते. माळव्यातल्या सिहोर येथे लॅन्सेलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रोत्साहनाने सुबाजी बापू या शास्त्र्यांनी १८३६ साली ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ मराठीत लिहून पुराणांतल्या भूगोलाचा सिद्धान्तांच्या आधारे प्रतिवाद केला. आपल्याच शास्त्राच्या पायरीवरून नव्या विद्येकडे चढून जाण्याची ही वाट अत्यंत समंजस होती, असे मला वाटते. सरकारी शाळाखात्याने ती पुढे का धरली नाही, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

मुंबईत मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना १८२२ च्या सुमारास शाळापुस्तके तयार करण्यासाठी आणि शाळा चालवण्यासाठी जी मंडळी स्थापन झाली, तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि एतद्देशीय चिटणीस सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांच्या देखरेखीखाली मराठी आणि गुजराती शिक्षकांची एक तुकडी मुंबईत तयार करण्यात आली. १८२६ साली या तुकडीतले चोवीस शिक्षक दख्खन, कोकण आणि गुजराथ या भागांत शाळा उघडण्यासाठी रवाना झाले. पश्चिम हिंदुस्थानात सरकारच्या आश्रयाने पढवून बाहेर पाठवलेले हे पहिले मास्तर होत. त्यांना जी लँकेस्टरची अध्यापनपद्धती शिकवली गेली, तिच्यात वरच्या इयत्तेच्या मुलाने खालच्या मुलांना शिकवावे अशी योजना होती. आणि गंमत अशी की, याच धर्तीचा अँड्र्यू बेल याने विलायतेत गाजवलेला प्रयोग मुळात मद्रासेतल्या एका अनाथ मुलांच्या शाळेत सुरू झाला होता. मद्रासेची पद्धत समुद्र ओलांडून विलायतेस गेली आणि साहेबी मोहोर लावून मुंबईस परतली, तेव्हाच आमच्या सुभेदार-मामलेदारांच्या दृष्टीने ती शिकण्याजोगी ठरली!

त्यानंतरचे नाव बाळशास्त्री जांभेकरांचे. ‘दर्पण’कार म्हणून त्यांची कीर्ती इतकी मोठी आहे की, शाळांचे तपासनीस आणि १८४५ साली निघालेल्या नॉर्मल वर्गाचे संचालक म्हणून त्यांनी केलेले काम तिच्या तेजात झाकोळून गेले. कोकणातल्या शाळा तपासत हिंडलेल्या या गृहस्थाला एक गोष्ट पक्की उमगली होती: मास्तराला स्वतःला ज्याचे कुतूहल नाही, ते तो मुलांच्या अंगी उतरवू शकत नाही. इंग्लंड देशाच्या बखरीपासून हिंदुस्थानच्या इतिहासापर्यंत त्यांनी जी पुस्तके मराठीत आणली, त्यांचा पहिला वाचक विद्यार्थ्याआधी शिक्षकच होता. १८४६ साली बाळशास्त्री अकाली गेले आणि नॉर्मल वर्गाची धुरा व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याकडे आली. त्याच मुंबईत १८३१ पासून एक भूगोलविषयक संस्थाही नांदत होती, ‘बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटी’ या नावाची. तिच्या बैठकांतून तांबडा समुद्र, इराणचे आखात, अरबस्तानचा किनारा यांविषयी आरमारी अंमलदारांनी जमवलेली माहिती वाचली जाई. परंतु तिच्या बैठकीतले ज्ञान आणि नॉर्मल वर्गातल्या भावी मास्तरांची वही यांच्यामध्ये इंग्रजी भाषेची आणि हुद्द्याची जी भिंत उभी होती, ती ओलांडण्याचा मार्ग कोणीच आखला नाही. १८७३ साली ही संस्था एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत विलीन झाली.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ साली स्वतंत्र शाळाखाते निघाले, पुढच्या दशकात जमीनमहसुलावर रुपयामागे आणा या हिशेबाने लोकल सेस बसला, आणि लोकल फंडातून तालुक्या-तालुक्यात शाळा वाढू लागताच त्यांना मास्तर पुरवण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज हे या पुरवठ्याचे प्रमुख ठिकाण झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर तेथे मुख्य होते. त्यांच्या आणि पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांच्या हातून ‘मराठी शालापत्रक’ हे मासिक चालले. निबंधमालेच्या अभ्यासकांना शालापत्रक म्हणजे विष्णुशास्त्र्यांच्या लेखणीची उमेदवारी एवढेच दिसते. पण आडगावात एकट्याने शाळा चालवणाऱ्या, पुस्तकांचे दुर्भिक्ष असलेल्या मास्तराच्या बाजूने पाहिले, तर दरमहा टपालाने येणारी ती थोडी पाने हाच त्याचा ट्रेनिंगनंतरचा एकमेव अभ्यासवर्ग होता. विष्णुशास्त्र्यांच्या टीकाप्रखर लिखाणामुळे सरकारची इतराजी झाली आणि १८७५ साली ते पत्र बंद पडले. शिक्षकाच्या अभ्यासाची सोय सरकारच्या मर्जीवर टांगलेली असली म्हणजे काय होते, याचे हे पहिले ठळक उदाहरण. आणि ते शेवटचे नव्हे, हे सांगावयास नकोच.

ट्रेनिंग कॉलेजातल्या मास्तराला भूगोल कसा पढवला जाई, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. व्हर्नाक्युलर फायनल उतरलेला, सतरा-अठरा वर्षांचा तरुण पहिल्या वर्षाचा, दुसऱ्याचा किंवा तिसऱ्याचा ट्रेंड होऊन बाहेर पडे, आणि त्यावर त्याच्या पगाराची पायरी ठरे. सरावपाठाच्या आदल्या दिवशी त्याला टिपणवहीत पाठाचे टिपण काढावे लागे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून या टिपणाला हर्बार्टच्या पायऱ्यांचे वळण लागले: हेतू, पूर्वज्ञान, प्रस्तावना, विषयप्रतिपादन, फलकलेखन आणि उपयोजन. पाठ चालू असता मागच्या बाकावर बसलेले परीक्षक मास्तर टाक हाती घेऊन शेरे लिहीत. आफ्रिकेची किंवा दक्षिण अमेरिकेची बाह्यरेषा समोर नकाशा नसताना खडूच्या एका ओढीत फळ्यावर काढता येणे हे कौशल्याचे शिखर समजले जाई, आणि चिखलमातीचा उठावदार नकाशा करून त्यात सह्याद्री बसवणारा उमेदवार हमखास वरच्या वर्गात उतरे. ज्या माणसाने बोरघाटाखालचा समुद्रही पाहिलेला नसे, त्याच्या बोटांतून केप ऑफ गुड होप अचूक उमटे.

या साऱ्या शिकवणीच्या मुळाशी एकच क्रम होता: जवळून दूर. आधी शाळेच्या ओसरीवरून दिशा, मग गाव, गावचे तळे, नदी, टेकडी. मग तालुका, मग जिल्हा, मग इलाखा, मग हिंदुस्थान, आणि शेवटच्या इयत्तांत आशिया व पृथ्वी. भिवंडी तालुक्यातला मास्तर कामवारी नदीपासून आरंभ करून उल्हासच्या खाडीवाटे समुद्राला मिळे आणि मग समुद्रमार्गे विलायतेस पोहोचे. पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वर्तुळांसारखी ही रचना मुलाच्या बुद्धीला सोसेल अशी आणि शास्त्रशुद्ध होती. आजही आपल्या तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकाची प्रत्येक जिल्ह्याला वेगळी आवृत्ती निघते ती याच क्रमाला अनुसरून. परंतु त्या रचनेत एक गृहीत गोष्ट होती, जी त्या काळी कोणाला सांगावीशीही वाटली नाही: मूल ज्या गावात शिकते, ते त्याचे बापजाद्यांपासूनचे गाव असते, आणि मास्तरही त्याच मुलखातला असतो.

मास्तर त्याच मुलखातला असला, तरी त्याच लोकांतला असेलच असे नाही, ही गोष्ट जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे सादर केलेल्या निवेदनात स्पष्ट शब्दांत मांडली. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, म्हणजे ते लोकांत मोकळेपणाने मिसळतील. ते पढवलेले असावेत आणि त्यांना दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा. शिकवणीत मोडी-बालबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांच्या जोडीला सामान्य इतिहास, सामान्य भूगोल आणि शेतीची मूलतत्त्वे असावीत, अशी त्यांची मागणी होती. शिक्षकाचा जगाशी परिचय आणि शिक्षकाचा शिष्यांच्या घराशी परिचय या दोन गोष्टी एकाच कागदावर शेजारी-शेजारी ठेवणारा त्या काळातला दुसरा लेख माझ्या पाहण्यात नाही. कमिशनने निवेदन घेतले, छापले, आणि शाळाखाते आपल्या चाकोरीने चालत राहिले.

त्याच १८८२ साली सरकारने ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर दोन खंडांत प्रसिद्ध केला. जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली तयार झालेल्या या ग्रंथात जिल्ह्यातील जाती, पिके, बंदरे, बाजार, शिलालेख आणि लेणी यांची इतकी बारकाईने नोंद आहे की, भिवंडीच्या कोणत्याही इतिहासलेखकाला आजही तेथूनच आरंभ करावा लागतो. पुराणवस्तूंच्या नोंदींना पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानाचा हात लागलेला होता. भिवंडी तालुक्यातल्या लोनाडच्या लेण्यांचे वर्णन त्यात आहे. प्रदेशाचा अभ्यास म्हणतात तो यापेक्षा वेगळा काय असतो? पण तो अभ्यास महसूल वसूल करणाऱ्या आणि बंदोबस्त ठेवणाऱ्या अंमलदारासाठी, त्याच्या भाषेत केलेला होता. लोनाडच्या शाळेतल्या मास्तराला आपल्या गावाविषयी कलेक्टर कचेरीत काय लिहून ठेवले आहे हे वाचता येण्याची सोय नव्हती.

इकडे भिवंडीत निराळाच इतिहास घडत होता. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर देशोधडीला लागून दक्षिणेकडे सरकले, त्यांतले काही मालेगावी राहिले, काही भिवंडीस आले आणि हातमागावर बसले. १९३० नंतरच्या काळात हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. स्वातंत्र्यानंतर तेलंगणातले पद्मशाली विणकर, कोणी थेट तर कोणी सोलापूरमार्गे, येऊन पद्मनगर-कामतघरच्या अंगाला स्थिरावले. आणि १९८२ सालच्या गिरणी संपानंतर मुंबईचे कापड भिवंडीच्या मागांवर विणले जाऊ लागताच या ओघाला पूर आला. ताणा, बाणा, बीम, कांडी, सायझिंग हे शब्द येथील पोराला मुळाक्षरांआधी ठाऊक असतात. त्याच्या बापाचे गाव करीमनगराकडचे किंवा आझमगडाकडचे, आईची भाषा तेलुगू किंवा भोजपुरी, शाळेचे माध्यम मराठी किंवा उर्दू, आणि मागावर उतरणारे कापड जाणार दूरच्या बाजारपेठांत. त्याच्यापुरते पाहिले तर वर्तुळांचा क्रम उलटून गेलेला आहे: ज्याला मास्तरांचे पुस्तक दूरचे म्हणते ते त्याच्या घरात चुलीपाशी आहे, आणि जे जवळचे म्हणते तो ठाणे जिल्हा त्याला परका आहे.

ही उलटापालट होत असताना शिक्षणविचारही स्वस्थ बसला नव्हता. महर्षी कर्वे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ साली, जगप्रवासास निघाले, डेन्मार्कमधल्या एल्सिनोर येथील नवशिक्षण परिषदेत बसले, पुढे आफ्रिकेतही हिंडले. आणि परत आल्यावर १९३६ साली त्यांनी काढले काय, तर महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ! जग पाहून आलेल्या माणसाने खेड्यातली शाळा काढावी यात मला विसंगती दिसत नाही. किंबहुना जगाच्या ओळखीचा याहून चांगला विनियोग क्वचितच झाला असेल. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांना एकत्र गुंफून समाजविषयक अभ्यासाची आखणी केली. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीस आल्या, आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात शिक्षिकेने मुलांना शाळेत बोलावण्याआधी स्वतः पाड्यावर जावे, अंगणात बसावे, मुलांची बोली ऐकावी हा पहिला धडा होता. बोर्डी-कोसबाड त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होते. म्हणजे भिवंडीच्या शिक्षकांना हा वस्तुपाठ पाहायला विलायतेस जाण्याची गरज नव्हती. पण कोसबाड हे नाव आपण आदिवासी शिक्षणाच्या खात्यावर टाकले, आणि मागवाल्यांच्या वस्तीशी त्याचा काही संबंध असू शकेल हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

या विषयातला सर्वांत मोठा विचार मात्र एका माजी शाळामास्तराने मांडला. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेल्या साने गुरुजींनी १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली: निरनिराळ्या प्रांतांतल्या लोकांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात, चालीरीती, साहित्य, सुखदुःखे समजून घ्यावीत, आणि त्यासाठी एखादी संस्था असावी. पुढच्याच वर्षी गुरुजी गेले. त्यांच्या मागे आंतरभारतीच्या नावाने पुष्कळ निष्ठेचे काम झाले. परंतु या कल्पनेला प्रांतभेटीचे, सहलीचे आणि संमेलनाचे जे रूप आपण दिले, त्यात तेलुगू समजून घेण्यासाठी आंध्रात जावे लागते असा एक भाबडा समज राहून गेला. कामतघरच्या मराठी शाळेतून निघालेल्या शिक्षकाला आंतरभारतीसाठी रस्ता ओलांडला तरी पुरेसे होते.

स्वातंत्र्यानंतर शिक्षकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाची यंत्रणा झपाट्याने वाढली. पुण्याची राज्य शिक्षण संस्था १९६४ साली निघाली आणि तिचेच पुढे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत रूपांतर झाले, जे. पी. नाईक सदस्य-सचिव असलेल्या कोठारी आयोगाने शिक्षकाच्या सततच्या अभ्यासावर भर दिला. १९६७ साली स्थापन झालेली बालभारती मराठीबरोबर उर्दू, तेलुगू धरून आठ भाषांत पाठ्यपुस्तके काढू लागली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आल्या, नव्वदीच्या दशकात प्राथमिक शिक्षकांच्या राज्यव्यापी प्रशिक्षणाचे ‘स्मार्ट पीटी’ आले, केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले, आणि दरमहाची शिक्षण परिषद आली. विद्यापीठांच्या पातळीवर अनुदान आयोगाच्या साहाय्याने परदेशांच्या विभागवार अभ्यासाची केंद्रे निघाली, मुंबई विद्यापीठात १९७१ साली आफ्रिकाविषयक अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. महाविद्यालयीन अध्यापकांसाठी १९८७ पासून उजळणी वर्गही भरू लागले. यांतले बरेचसे उपयुक्त होते. तरीही केंद्रशाळेत भरणाऱ्या एखाद्या वर्गाचे दृश्य ज्याने पाहिले आहे, त्याला त्यातली उणीव सांगण्याची गरज नाही: वरून आलेली संहिता, ती वाचून दाखवणारे तज्ज्ञ मार्गदर्शक, हजेरीपटावर सह्या, प्रवासभत्त्याचे बिल, आणि चहानंतर घराकडे लागलेले डोळे. प्रशिक्षण पुण्याहून जिल्ह्यास, जिल्ह्याहून तालुक्यास, तालुक्याहून केंद्रास उतरत येते. केंद्रावरून वर काही चढावे अशी व्यवस्थाच त्यात नाही.

आणि वस्तीचा अभ्यास करून उपयोग होतो हे भिवंडीत सिद्ध झालेले नाही असेही नाही. फक्त ते शाळाखात्याने केले नाही, पोलीसखात्याने केले. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या या शहरात १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, अंमलदारांना गल्लीगल्लीत नेऊन बसवले, माणसांची माणसांशी ओळख करून दिली. आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटलेली असता भिवंडी शांत राहिली. ज्या गल्लीची माहिती हवालदाराला असणे शहराला इतके लाभले, त्या गल्लीची माहिती तिच्यातल्या मुलांना रोज सहा तास शिकवणाऱ्या मास्तराला असावी यासाठी मात्र अद्याप एकही परिपत्रक निघालेले नाही.

म्हणून जिल्हा संस्थेकडे आणि महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाकडे एवढेच मागणे आहे. भिवंडीच्या शिक्षकांसाठी दर वर्षी जे वर्ग भरतात, त्यांतले निदान चार दिवस तेलंगण, पूर्वांचल आणि मालेगाव या तीन मुलखांच्या अभ्यासाला द्यावेत. त्या वर्गांत शिकवण्यास शहरातल्याच तेलुगू आणि उर्दू शाळांच्या शिक्षकांना बोलवावे, त्यांना तज्ज्ञ म्हणून मानधन द्यावे, आणि एखादा दिवस कामतघरातल्या एखाद्या मागाच्या खात्यात, जुन्या कारागिरांच्या तोंडून त्यांच्या गावाची हकीगत ऐकण्यात घालवावा. यासाठी नवी संस्था नको, परदेशी अनुदान नको आणि नवे पाठ्यपुस्तकही नको. वर्ग महानगरपालिकेच्या शाळेत भरू शकतो, आणि शिकवणारे शेजारच्या शाळेत आहेत.